साडेतीन स्टार कुणाला चुकलेत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतलं परीक्षण वाचून गेल्या रविवारी आम्ही तिघी मैत्रिणी घोडबंदर रोडच्या एका मॉलमध्ये मराठी पिक्चरला गेलो. साडेतीन स्टार होते. तिकीट, जायची-यायची रिक्षा आणि पॉपकॉर्नचा एक टब मिळून जे झालं ते घरी सांगितलेलं नाही. पिशवीतल्या चकल्या गेटवरच काढून ठेवाव्या लागल्या. बाहेरचं खाणं अडवायचा थिएटरला हक्क आहे असं २०२३ साली सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय, तेव्हा चकल्यांबद्दल तक्रार नाही. तक्रार साडेतीन स्टारबद्दल आहे.

पिक्चरचं नाव लिहीत नाही, कारण नाव बदललं तरी पत्र लागू पडेल. लंडनच्या फ्लॅटमध्ये नायिका कांदेपोहे करते. तेल तापायच्या आधी ओट्यावर मसाल्याचं पाकीट येतं, नाव कॅमेऱ्याकडे. सासू रडत येते, नवरा ओरडून जातो, पाकीट जागचं हलत नाही. 'पोह्यात कसला मसाला घालते गं ही बाई?' असं माझी मैत्रीण जरा मोठ्यानेच म्हणाली, आणि तेवढ्या एका वेळेला थिएटरात हशा पिकला. तिचं नाव मात्र श्रेयनामावलीत नव्हतं.

लंडन का, ते आता सगळ्यांना माहीत आहे. तिथे केलेल्या खर्चाचा काही भाग तिकडचं सरकार निर्मात्याला परत देतं. देऊ दे की! 'झिम्मा'मधल्या बायका सहलीलाच निघाल्या होत्या, त्यांना परदेश शोभला. पण भांडण सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या वाटणीचं असताना अख्खं खानदान थेम्सच्या काठाने ओढण्या उडवत का फिरतं?

हे सगळं आपल्या समीक्षकांना दिसलं नसेल असं मी म्हणणार नाही. त्यांची भाषा आता मला पाठ झालीये. 'छायाचित्रण नेत्रसुखद' हे दुसऱ्याच वाक्यात आलं की समजायचं, कथा सापडलेली नाही. 'पूर्वार्ध किंचित रेंगाळतो' म्हणजे डुलकी लागली होती. 'नवोदित नायकाचा वावर सहज' म्हणजे तो कॅमेऱ्यासमोरून चालत गेला आणि पडला नाही. 'ज्येष्ठ अभिनेत्रीने छोट्या भूमिकेतही छाप पाडली' म्हणजे अभिनय तिला एकटीलाच येत होता. आणि शेवटी ठरलेलं, 'सहकुटुंब एकदा पाहायला हरकत नाही'. अहो, हरकत विचारली कुणी होती? दिवाळीपासूनची सगळी कात्रणं मी डब्यात ठेवली आहेत. दोनच्या खाली एकही पिक्चर उतरलेला नाही. त्याच पिक्चरची पानभर जाहिरात समोरच्या पानावर असते, मध्ये फक्त कागदाची घडी. योगायोग असेल.

मी एकतीस वर्षं नौपाड्यातल्या एका शाळेत मराठी शिकवलं. नववीतल्या एका मुलाला 'माझा आवडता ऋतू' या निबंधावर कीव येऊन पास केलं होतं. दहावीच्या चाचणीत विषय आला 'रम्य सकाळ'. त्याने तोच पावसाळा उतरवला, फक्त सुरुवातीला 'एके दिवशी सकाळी' असं घातलं. मराठी सिनेमांचे भाग दोन आणि भाग तीन बघताना मला हटकून तो पोरगा आठवतो.

आपल्याकडे लिहिणारे एक गृहस्थ मध्यंतरी गडकरी रंगायतनच्या पायऱ्यांवर भेटले. विचारलंच मी. म्हणाले, 'काकू, मराठी सिनेमाला आधीच शो मिळत नाहीत, त्यात आपणच पाय ओढायचे का?' शो मिळत नाहीत हे खरं. २०१५ साली मल्टिप्लेक्समध्ये मराठीला प्राइम टाइम द्यायचा म्हणून केवढा गदारोळ झाला होता, आणि आम्ही गेल्या रविवारी सकाळी दहाच्या शोला बसलो होतो. पण 'सैराट' २०१६ साली कुणाच्या दयेवर चालला? 'श्वास' ऑस्करला निघाला तेव्हा लोकांनी खिशातून पैसे दिले, ते पिक्चर काळजाला भिडला म्हणून. मराठी आहे, सांभाळून घ्या, असं त्यांना सांगावं लागलं नव्हतं. सरकारसुद्धा अनुदान देताना 'अ' दर्जाला ४० लाख आणि 'ब' दर्जाला ३० लाख असा फरक करतं, आणि काहींना हात हलवत परत पाठवतं. सरकारला जे जमतं ते तुम्हाला जमू नये?

इतिहासपटांचं तर विचारूच नका. तलवार हवेत थांबते, थेंब हवेत थांबतात, वारा फक्त शेल्याला लागतो, आणि मावळा मरताना पाऊण पानाचं वाक्य बोलतो. पिक्चरला वाईट म्हटलं तर महाराजांना म्हटल्यासारखं होईल, म्हणून समीक्षक गप्प. भालजी पेंढारकरांच्या १९५२ च्या 'छत्रपती शिवाजी'त महाराज झालेले चंद्रकांत नुसते वळून बघायचे, तेवढ्यानं काम व्हायचं.

चरित्रपटांत निदान एक सोय आहे, नट ओळखीचा असतो. सुबोध भावे गुणी नट, याबद्दल वाद नाही. २०११ साली ते बालगंधर्व झाले, २०१५ साली लोकमान्य, २०१८ साली डॉ. काशिनाथ घाणेकर. आपल्या ठाण्यातच घाणेकरांच्या नावाचं नाट्यगृह आहे. तिथे बालनाट्याला नेलेल्या माझ्या नातीनं खुद्द डॉक्टरांचा जुना फोटो बघून विचारलं, 'आजी, हे सुबोध भावेंसारखे का दिसत नाहीत?' आता काय सांगू तिला?

पूर्वी मल्हारला नाहीतर वंदनाला पिक्चर बघायचो, तेव्हा परीक्षण वाचायची गरजच नसायची. आधीचा शो सुटला की डोअरकीपरला विचारायचं, 'कसा आहे हो?' चांगला असला तर तो म्हणायचा, 'घ्या तिकीट.' नसला तर म्हणायचा, 'पुढच्या शुक्रवारी नवीन लागतोय.' त्याला बिचाऱ्याला पगार थिएटरचा, तरी एवढं सांगायचा. (नाटकाचं तर अजून सोपं. मध्यंतरात वडा खायला गेलेली माणसं तिसऱ्या घंटेला परत आली का, एवढंच बघायचं.)

माझं मागणं मोठं नाही. वर्षातून दोन-तीन पिक्चरना एक स्टार द्या. एखाद्याला भोपळा द्या. ते जमणार नसेल तर परीक्षणाखाली बारीक अक्षरात एवढंच छापा, की समीक्षकाने तिकीट स्वतःच्या पैशांनी काढलं होतं की नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे

ता. क. जागेअभावी पत्र कापायचंच झालं तर सुबोध भावेंचा परिच्छेद कापा. आमच्या मुख्याध्यापकांवर उद्या चरित्रपट निघाला तर भावेच लागतील.