केरॅटिनचे पैसे भरण्याआधी

प्रिय वैशू,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग तुझी कीव आली. रत्नागिरीला बदली झाल्यापासून केस म्हणजे नुसती केरसुणी झालीये, सीरमची बाटली संपत आली तरी फरक नाही, आणि आता पार्लरवाली बाई भावाच्या लग्नाआधी केस सरळ करायचं केरॅटिन करून घ्या म्हणून मागे लागलीये. करू का, असं विचारतेस. माझं उत्तर नाही असंच आहे, पण औषधांच्या दुकानात बसणाऱ्या बाईनं नुसतं ‘नाही’ म्हणून कसं चालेल?

केसांचा आकार दोन तऱ्हेच्या बंधांवर टिकतो. पक्के बंध तू जन्मतः घेऊन आलीस, म्हणून तुझे केस कुरळे. कच्चे बंध मात्र पाणी लागलं की सुटतात आणि केस वाळताना असतील त्या आकारात पुन्हा बसतात. ब्लो-ड्राय चालतो तो याच जोरावर. पुण्यात एकदा सरळ केलेले केस निदान दिवसभर तरी तसे राहायचे. तुझ्याकडे हवाच इतकी ओली, की बँकेत पोचेपर्यंत ते बंध परत सुटलेले असतात. त्यातून तुझे केस रंगवलेले. केसावरचा पापुद्रा कौलांसारखा एकावर एक रचलेला असतो. रंगानं, इस्त्रीनं त्या कौलांच्या कडा उचलल्या जातात. मग पाणी सहज आत शिरतं, एकेक केस वेगळा फुगतो आणि सगळं भुरभुरायला लागतं.

आता तुझं सीरम. तू ते कसं लावतेस मला ठाऊक आहे. सकाळी घाईत, कोरड्या केसांवर, ते पण टाळूपासून खाली. त्यानं डोकं तेलकट चप्प आणि टोकं राठच्या राठ. सीरम म्हणजे बहुतेक सिलिकॉन, लेबलवर डायमेथिकोन किंवा सायक्लोपेंटासिलोक्सेन लिहिलेलं असतं. त्यात ओलावा नसतोच गं! ते केसावर पातळ थर देतं, घर्षण कमी करतं, बाहेरचं पाणी आत शिरणं जरा लांबवतं. म्हणजे आधी केस मऊ हवा, मग सीरम. मऊ करायचं काम कंडिशनरचं. त्यात बेहेनट्रायमोनियम क्लोराइड किंवा सेट्रिमोनियम क्लोराइड असतं. त्यावर धन भार असतो आणि खराब झालेल्या केसावर ऋण भार जास्त, त्यामुळे जिथे केस जास्त बिघडलाय तिथेच ते जाऊन चिकटतं. माझं ऐकशील तर सीरम स्वस्तातलं घे आणि उरलेले पैसे चांगल्या कंडिशनरवर घाल.

न्हाऊन झालं की टर्किश टॉवेलनं खसाखसा पुसू नकोस, जुना पंचा घेऊन केस नुसते दाबून घे. पाणी ठिबकायचं थांबलं, पण केस अजून ओले आहेत, तेव्हा सीरमचे दोन-तीन थेंब तळहातावर चोळ आणि टोकांपासून कानापर्यंत वर ये. हाताला उरेल तेवढंच डोक्यावरून फिरव. मग पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही, फणी तर नाहीच. अर्धवट वाळलेले कुरळे केस विंचरले की पिंजारलेच म्हणून समज. आणि पावसाळ्यात लीव्ह-इन क्रीम, म्हणजे न धुता केसांत तसंच ठेवायचं क्रीम, घेताना यादीत ग्लिसरीन अगदी वर दिसलं तर बाटली परत ठेव. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, ते तुला नकोच आहे.

सासूबाई खोबरेल लावायला सांगतात, ते ऐक. मुंबईत मॅरिकोच्या संशोधकांनी 2003 साली दाखवलं होतं की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना प्रथिनं कमी निघून जातात. सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइलला ते जमलं नाही. खोबरेल विकणाऱ्यांनीच केलेलं संशोधन आहे, तरी मला पटतं. फक्त न्हाण्याच्या आधी लाव. शिकेकाई मात्र शेंगा उकळून, गाळून घे. भुकटी केसांत चोळलीस तर ती खरखरते आणि निघता निघत नाही.

आता केरॅटिन. केरॅटिन म्हणजे केसातलंच प्रथिन, पण नावावर जाऊ नकोस. केस सरळ राहतो तो बाहेरून लावलेल्या प्रथिनामुळे नव्हे. रसायन लावून वरून दोनशे अंशांच्या पुढची इस्त्री फिरवतात, त्यामुळे. बऱ्याच बाटल्यांत फॉर्मल्डिहाइड किंवा तापल्यावर ते सोडणारं मिथिलीन ग्लायकॉल असतं. फॉर्मल्डिहाइडमुळे माणसाला कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2004 मध्येच ठरवलंय. ‘फॉर्मल्डिहाइड-फ्री’ लिहिलंय म्हणून निर्धास्त व्हायचं, तर 2011 मध्ये अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याला तसं लिहिलेल्या बाटलीतही ते सापडलं होतं. त्याच्या जागी बरेच जण ग्लायऑक्झिलिक ॲसिड वापरायला लागले. 2024 मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका सव्वीस वर्षांच्या मुलीची हकिगत छापली: तिनं तीनदा पार्लरात हे ॲसिड असलेलं क्रीम लावून केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या किडनीला इजा झाली. तेच क्रीम उंदरांच्या कातडीवर लावलं तर त्यांच्या किडनीत ऑक्झलेटचे स्फटिक दिसले. प्रत्येकीला होतं असं नाही, पण चार महिन्यांच्या गुळगुळीत केसांसाठी मी तरी हा जुगार खेळणार नाही. मला जास्त काळजी वाटते ती त्या पार्लरमधल्या पोरींची. तू एकदा जाशील, त्या रोज तोच धूर नाकात घेतात.

तरी मन ऐकत नसेल तर बाईंना बाटलीची मागची बाजू दाखवायला सांग. दाखवायला कां-कूं केलं की उठून ये सरळ.

आणि लग्नाचं म्हणशील तर नऊवारी नेसून तू केस मोकळे सोडणार आहेस का? अंबाडाच घालशील ना. अंबाड्याला तुझे दाट कुरळे केस म्हणजे वरदान, माझ्यासारखं गंगावण लागत नाही. दोन दिवस आधी न्हा, म्हणजे केस निसटणार नाहीत, आणि गजरा मी पुण्याहून घेऊन येते.

काकूंना नमस्कार. आत्ताच्या कंडिशनरवरची यादी कळव, पुढचं बघू.

तुझी,
मंजू