'उंदरांवर' हा शब्द हेडिंगमध्येच घ्या ना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात हल्ली सायन्स आणि आरोग्याच्या बातम्या भरपूर येतात, पूर्वी कुठेतरी कोपऱ्यात चार ओळी असायच्या, त्यामुळे आधी त्याबद्दल थँक्स. पण एक गोष्ट सारखी खटकतेय म्हणून लिहितेय. हेडिंग असतं "अमुक आजारावर औषध सापडलं", आपण आशेने वाचत वाचत खाली येतो आणि शेवटून दुसऱ्या ओळीत कळतं की हे सगळं उंदरांवर झालंय. कधी कधी तर उंदीरसुद्धा नाही, प्लेटमध्ये वाढवलेल्या पेशी. आणि बऱ्याच वेळा तेवढंही कळत नाही, सरळ 'शास्त्रज्ञांना यश' म्हणून बातमी संपते. मी काही शास्त्रज्ञ नाही, बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते, पण सॅम्पल मोजण्यातच नोकरी गेली त्यामुळे आकडा कुठून येतो आणि कुठे बिघडतो हे थोडंफार माहितीय.

प्लेटमधल्या कॅन्सरच्या पेशी मारणं अवघड नाही हो, ब्लीच टाकलं तरी मरतात. अवघड काय आहे तर माणसाच्या अंगात बाकीच्या पेशींना धक्का न लावता त्या मारणं. म्हणून प्रयोग कशावर केला हे बारीक अक्षरात टाकण्यासारखं नसतं, बातमीचा अर्थच त्यावर ठरतो. 2006 मध्ये लंडनला एका नव्या औषधाची पहिली मानवी चाचणी झाली होती, टीजीएन 1412 नाव त्याचं. माकडांना जो डोस सुरक्षित ठरला त्याच्या 500 पट कमी डोस सहा धडधाकट लोकांना दिला आणि काही तासांत सहाच्या सहा जण अत्यवस्थ झाले, आयसीयूत न्यावं लागलं. सगळे वाचले, पण माकडाची आणि माणसाची प्रतिकारशक्ती सारखी वागत नाही हे तिथे फार वाईट पद्धतीने कळलं. आणि थॅलिडोमाईड या गरोदरपणातल्या मळमळीवर दिल्या गेलेल्या औषधाचं तर जुनं उदाहरण आहेच, गरोदर उंदरांमध्ये जो परिणाम दिसत नाही तो माणसात हजारो बाळांच्या हातापायांवर दिसला.

2019 मध्ये जेम्स हीदर्स नावाच्या शास्त्रज्ञाने ट्विटरवर एक अकाउंट काढलं होतं, तो काय करायचा तर अशा बातम्या शेअर करून वर फक्त 'उंदरांमध्ये' एवढंच लिहायचा. बस. हजारो लोक फॉलो करायला लागले. म्हणजे मला एकटीलाच हे खटकतंय असं नाही.

आता कोणी म्हणेल की उंदरांवर का होईना, रिझल्ट तर खरा आहे ना. तेही दर वेळी नाही. कॅन्सर बायोलॉजीतले गाजलेले प्रयोग पुन्हा करून बघायचा एक मोठा प्रोजेक्ट झाला, त्याचे निष्कर्ष 2021 ला आले. 53 शोधनिबंधांमधले 193 प्रयोग करायचं ठरलं होतं आणि प्रत्यक्षात झाले 23 निबंधांमधले 50, कारण मूळ प्रयोग नेमका कसा केला हे एकाही निबंधात पूर्ण लिहिलेलं नव्हतं, मूळ संशोधकांना विचारत बसावं लागलं, काहींनी मदत केली, काहींनी दाद दिली नाही. आणि जे झाले त्यात परिणाम मूळ दाव्यापेक्षा सरासरी 85 टक्के लहान निघाला. याचा अर्थ सगळे खोटारडे असा अजिबात नाही, पहिल्या वेळी नशिबाने मोठा दिसलेला आकडाच छापून येतो, असं होतं ते. पण वाचकाला हे सांगतं कोण?

माणसांवरच्या चाचणीची बातमी असली तरी टक्क्यांची गंमत असतेच. लेकानेमॅब या अल्झायमरच्या औषधाने आजार 27 टक्क्यांनी मंदावतो असं सगळीकडे आलं. बरोबरच आहे ते. पण 27 टक्के कशाचे? 18 गुणांची एक मोजपट्टी असते, त्यावर दीड वर्षानंतर औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या लोकांमध्ये फरक होता 0.45 गुणांचा. शिवाय औषध घेणाऱ्या साधारण आठातल्या एकाच्या मेंदूत स्कॅनवर सूज दिसली, बऱ्याच जणांना त्याचा त्रास जाणवला नाही पण तरी. ज्यांच्या घरात असा पेशंट आहे त्यांना हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिसायला हवेत. मग ठरवू देत की त्यांना.

खरा घोळ मात्र प्लास्टिक आणि केमिकलच्या बातम्यांमध्ये आहे आणि तिथे माझा जीव जास्त अडकतो कारण मोजणं हेच माझं काम होतं. 2024 च्या शेवटी ती काळ्या प्लास्टिकच्या उलथन्यांची बातमी सगळीकडे फिरली आठवतंय? जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं प्लास्टिक रिसायकल होऊन स्वयंपाकाच्या वस्तूंमध्ये येतं आणि त्याच्यासोबत आग लागू नये म्हणून घातलेली केमिकल्सही येतात, असा तो अभ्यास. त्यातल्या एका केमिकलची अमेरिकेतली मर्यादा आहे दर किलो वजनामागे दिवसाला 7,000 नॅनोग्राम (नॅनोग्राम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग). 60 किलोच्या माणसाला किती झाले? 4,20,000. अभ्यासात लिहिलं होतं 42,000. एक शून्य गायब! त्यांच्या अंदाजाने माणसाच्या पोटात रोज 34,700 नॅनोग्राम जात होतं, म्हणजे चुकीच्या हिशेबाने मर्यादेच्या 80 टक्क्यांच्या वर आणि बरोबर हिशेबाने 10 टक्क्यांच्याही आत. संशोधकांनी चूक मान्य करून दुरुस्ती छापली, आणि असली केमिकल्स त्या वस्तूंमध्ये मुळात असायलाच नकोत हा त्यांचा मुद्दा मला तरी पटतो. पण घाबरवणारी बातमी जेवढी मोठी आली तेवढी दुरुस्ती कोणत्याच पेपरात मोठी आलेली मी पाहिली नाही. सातवीतल्या मुलाला गुणाकार करायला दिला असता तरी सापडली असती ती चूक.

मग 2025 च्या सुरुवातीला मेंदूत चमचाभर प्लास्टिक. न्यू मेक्सिको विद्यापीठाचा अभ्यास, 'नेचर मेडिसिन'मध्ये आलेला, 2016 आणि 2024 मधल्या मृत व्यक्तींच्या मेंदूचे नमुने तपासले आणि 2024 च्या नमुन्यांत प्लास्टिक जास्त दिसलं. आता हे मोजतात कसं ते सांगते. नमुना खूप तापवतात, त्याचे तुकडे होऊन वायू निघतात आणि त्या वायूंवरून मशीन ओळखतं की आत काय होतं. अडचण अशी की चरबी तापवली की तिच्यातून निघणारे काही तुकडे पॉलिथिनच्या तुकड्यांसारखेच असतात, आणि मेंदू सुकवला तर त्याचा निम्म्याहून जास्त भाग चरबीच असते. संशोधकांनी चरबी काढायचा प्रयत्न केला होता, पण ती पुरती गेली का यावर दुसऱ्या केमिस्ट लोकांनी आक्षेप घेतलाय. हा वाद मिटलेला नाही. हेडिंगमध्ये मात्र चमचा आला आणि डोक्यात बसला.

आमच्याकडे अशा कामात ब्लँक नावाची गोष्ट असते. ज्यात काहीच नाही असा नमुना घ्यायचा, खऱ्या नमुन्यासोबत त्याच बाटल्या, तेच हात, तीच मशीन असं सगळं त्याच्याबरोबर करायचं आणि त्यात जे दिसेल ते खऱ्या नमुन्यातून वजा करायचं, दूध मोजायच्या आधी रिकामं भांडं तोलून घेतात तसं. प्लास्टिक शोधताना हे फारच किचकट होतं कारण लॅबमध्ये सगळं प्लास्टिकच असतं, नळ्या, झाकणं, अगदी अंगावरच्या कपड्यांचे धागेसुद्धा. 2020 मध्ये एका गटाने दाखवलं की हातातल्या डिस्पोजेबल ग्लोव्हजवरचा साबणासारखा पदार्थ नमुन्यात उतरतो आणि मशीनला तो पॉलिथिन वाटतो. ग्लोव्हज घातलेत शुद्धतेसाठी आणि घाण येतेय त्यांच्यामुळेच! म्हणून अशी बातमी दिसली की मी आधी ब्लँकमध्ये किती होतं ते शोधते आणि ते बातमीत कधीच नसतं. आपण आठवड्याला क्रेडिट कार्डाएवढं, म्हणजे 5 ग्रॅम प्लास्टिक खातो हे 2019 पासून ऐकतोय, अजूनही छापून येतं. 2021 मध्ये काही ठरावीक पदार्थ, पाणी आणि हवा धरून दुसऱ्या गटाने हिशेब केला तर मोठ्या माणसासाठी मधला आकडा आला दिवसाला साधारण 583 नॅनोग्राम. आठवड्याचा करून बघा, पाच ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी. इतका फरक असेल तर दोन्ही छापा ना.

याचा अर्थ प्लास्टिक निर्धोक आहे असं मी म्हणत नाहीये, कृपया तसं हेडिंग देऊ नका माझ्या पत्राला. 2024 मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी मानेतल्या रक्तवाहिनीतून काढलेला चरबीचा थर तपासला, 257 पेशंटपैकी 150 जणांत पॉलिथिन सापडलं आणि पुढच्या जवळपास तीन वर्षांत त्या लोकांमध्ये हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा मृत्यूचा धोका साडेचार पट दिसला. हे काळजी करण्यासारखंच आहे. पण प्लास्टिकमुळेच झालं हे यातून सिद्ध होत नाही असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. ते वाक्य छापायला जागा किती लागते?

आणि बातमी खरंच मोठी असते तेव्हा अट सांगितली म्हणून ती बारीक होत नाही. 2025 मध्ये फिलाडेल्फियाला जन्मजात जीनदोष असलेल्या बाळासाठी, फक्त त्या एका बाळासाठी, सहा महिन्यांत जीन दुरुस्त करणारं औषध बनवलं आणि बाळ सुधारलं. एकच पेशंट. लिहा की एकच पेशंट, तरीही अंगावर काटा येतो. किंवा ती पीफास नावाची, पाण्यातही सापडणारी आणि सहजासहजी न मोडणारी केमिकल्स, 2022 मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या गटाने त्यातला एक प्रकार साध्या कॉस्टिक सोड्याने आणि एका सॉल्व्हंटमध्ये 80 ते 120 डिग्रीला तापवून मोडून दाखवला. केवढी सुंदर केमिस्ट्री आहे ती! पण हे आधी पाण्यातून काढून गोळा केलेल्या केमिकलचं आहे, सल्फोनेट नावाचा दुसरा मोठा प्रकार त्याने मोडत नाही, आणि 'आता पाणी शुद्ध होणार' असं वाचून कोणी फिल्टर काढून टाकला तर काय करायचं.

तेव्हा विनंती एवढीच की प्रयोग पेशींवर, उंदरांवर की माणसांवर, आणि किती जणांवर, हे हेडिंगमध्ये किंवा निदान पहिल्या वाक्यात यावं. आणि दुरुस्ती आली की ती मूळ बातमीच्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात यावी.

आपली,
एक नियमित वाचक (निवृत्त लॅब टेक्निशियन)

ता. क. बातमीच्या शेवटी शोधनिबंध कुठल्या नियतकालिकात आणि कुठल्या महिन्यात आला तेवढं तरी देत जा. 'परदेशातील शास्त्रज्ञांच्या मते' एवढ्यावरून मूळ निबंध शोधायचा म्हणजे अख्खी दुपार जाते.