सिस्टर, तुम्ही दिलेली वही अजून माझ्याकडे आहे

प्रिय सिस्टर,

तुमचं नाव लिहीत नाहीये कारण तुम्हाला ते आवडणार नाही, पण आपल्या मेडिसिन वॉर्डात ज्यांनी तुमच्या हाताखाली ड्युटी केलीय त्यांना दोन ओळींतच कळेल मी कोणाला लिहितेय ते.

मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून लागले तेव्हा नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन झालं होतं, हातात दिवा धरून शपथही घेतली होती, छातीवर 'अधिपरिचारिका' लिहिलेली नावपट्टी पण लागली, तरी मनातून मला मी नर्स आहे असं वाटतच नव्हतं. डॉक्टर राउंडला सांगणार, आपण सलाईन लावायचं, इंजेक्शन द्यायचं, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) लिहायचा, संपली ड्युटी. नात्यातल्या कोणी विचारलं तर मी सांगायचे, डॉक्टरांच्या हाताखाली असते.

मग ती नाईट. बेड १४ चे लकव्याचे आजोबा, मी हँडओव्हर देताना, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती सांगताना, म्हणाले "पेशंट स्टेबल, नवीन काही नाही", आणि तुम्ही काही न बोलता मला बेडपाशी नेलंत, चादर बाजूला केलीत आणि त्यांची डावी टाच माझ्यासमोर धरलीत. टाचेवर रुपयाएवढी लाली होती. म्हणालात, बोटाने दाब. मी दाबलं, सोडलं, लाली तशीच. "दाबल्यावर पांढरं पडून परत लाल झालं तर ठीक, हे पांढरं पडतच नाहीये म्हणजे बेडसोअरची, पडून पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे. हे डॉक्टर लिहून देणार नाहीत गं, हे आपण बघायचं." मग पोटरीखाली उशी अशी सरकवलीत की टाच पूर्ण अधांतरी राहिली, आणि दर दोन तासांनी कूस बदलायची वेळ माझ्याकडूनच नर्सेस नोट्समध्ये लिहून घेतलीत, खाली पूर्ण नाव आणि सही. त्या दिवसापर्यंत मी नुसते इनिशियल्स मारायचे. चार दिवसांनी लाली गेली तेव्हा मला जो आनंद झाला तो आजपण शब्दात सांगता येत नाही.

त्याच रात्री चहा पिताना तुम्ही मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या नर्स अरुणा शानभाग यांच्याबद्दल सांगितलंत. १९७३ मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला तेव्हापासून २०१५ पर्यंत, केईएमच्याच वॉर्डात बेचाळीस वर्षांच्या आसपास बेडवर, आणि तिथल्या नर्सेसनी त्यांना बेडसोअर होऊ दिला नाही. २०११ मध्ये इच्छामरणाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्या वतीने बोलायचा हक्क केईएमच्या स्टाफचाच मानला, का तर रोजची सेवा त्यांनीच केली होती. नर्सच्या कित्येक बॅचेस रिटायर झाल्या आणि तरी ते काम खंडलं नाही, हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. आपलं स्वतःचं असं काम आहे आणि त्याला मोल आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा पटलं.

दुसरी गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. पोटॅशियम क्लोराईडची ऑर्डर लेखी नव्हती, नुसती तोंडी सांगितलेली होती, गडबडीत मी ते सिरिंजमध्ये भरून थेट शिरेतून द्यायला निघाले होते. तुम्ही माझा हात धरलात. डायल्यूट न करता पटकन गेलं असतं तर पेशंटचं हृदय थांबू शकलं असतं. सगळ्यांसमोर ओरडला नाहीत, ट्रीटमेंट रूममध्ये नेऊन एवढंच म्हणालात की ऑर्डर स्पष्ट नसेल तर फोन करून परत विचारायचं, रात्रीचे तीन वाजले असले तरी, आणि समोरचा चिडला तर चिडू दे. आता मी विचारते सिस्टर. प्रत्येक वेळी विचारते.

टाचेच्या त्या नाईटच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही शंभर पानी वही दिलीत, की रोज एक ओळ लिही, आज तू कोणी न सांगता काय बघितलंस. पहिली ओळ "बेड १४, डावी टाच, लाली." मधे लिहिलंय, "बेड ६ च्या आजी जेवत नाहीत कारण कवळी हरवलीय", मावशींना विचारलं तर चादरीत गुंडाळून धुवायला गेली होती. अशा ओळी लिहिता लिहिता माझं मलाच कळायला लागलं की मी कोण आहे.

मागच्या आठवड्यात ट्रेनिंगची एक मुलगी हँडओव्हरला म्हणाली "नवीन काही नाही". मी तिला टाच दाखवायला घेऊन गेले.

खूप खूप आभार सिस्टर. दिवाळीत गावी येतेय तेव्हा तुमच्याकडे येईन, वही घेऊन येते, कव्हर फाटलंय तेवढं सांभाळून घ्या.

तुमचीच,
मेडिसिन वॉर्डातली