काकूंच्या गाठीचे ब्लॉक तुझ्याकडे निघालेत

लातूर

प्रिय संज्या,

दिवाळीलाही फोन नाही म्हणून शिव्या देशील, दे. माझी शुगर बरी आहे, गुडघा नाही. आता पुढचं नीट वाच. आंबाजोगाईच्या आपल्या मेसच्या काकू माझ्याकडे आल्यात. लघवीतून रक्त जातंय.

कुणीतरी कित्येक महिने इन्फेक्शन म्हणून गोळ्या बदलत ठेवल्या. कल्चर नाही, साधी सोनोग्राफी नाही. मी मूत्राशयात दुर्बीण टाकली. नेहमीची झुपकेदार गाठ दिसेल असं वाटलं होतं, तर मागच्या भिंतीवर भाकरीला फुगा यावा तसा गुळगुळीत उंचवटा आणि वरचं अस्तर जवळजवळ शाबूत. लघवीतल्या पेशींच्या तपासणीत, सायटॉलॉजीत, काही नव्हतंच. तुझं ते जुनं भांडण आठवलं, 'कोळसा पाठवतोस अन् वर निदान मागतोस!' म्हणून करंटने जाळून कापायच्या आधीच चिमट्याने खोलवरचे तुकडे घेतले. झालं समाधान?

पहिल्या रिपोर्टात कार्सिनोमा, म्हणजे अस्तराचा नेहमीचा कॅन्सर, आणि पुढे प्रश्नचिन्ह. मग पेशींची जात ओळखायला मार्कर्स लावून घेतले. कार्सिनोमाची खूण सायटोकेरॅटिन निगेटिव्ह, बी पेशींची खूण सीडी२० पॉझिटिव्ह, वाढीचा वेग सांगणारं केआय-६७ चांगलंच वर. डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सर, तोही मूत्राशयात! तिथल्या शंभर गाठींत अशी एकही नसते. पेट स्कॅनमध्ये औषध लघवीतूनच उतरतं, त्यामुळे सगळं मूत्राशय पेटल्यासारखं दिसत होतं. लघवी वाढवणारं लॅसिक्स देऊन उशिरा पुन्हा स्कॅन केला तेव्हा कुठे गाठ वेगळी दिसली. बाकी कुठे काही नाही, हाडातला मॅरोही साफ.

आता काकूंचा मुलगा म्हणतो, लघवीची पिशवीच काढून टाका, एकदाचं मिटेल. एका सर्जननेही त्याला तेच सांगितलंय. अरे, गर्भपिशवी पस्तिशीतच काढली होती बाईंची, कशासाठी ते आजही कुणाला सांगता येत नाही. आता हीही काढायची? लिम्फोमाला चाकू नव्हे, आर-चॉप ही केमो लागते, हे मी त्याला तीनदा समजावलं. त्याचंही खोटं नाही म्हणा. दर २१ दिवसांनी संभाजीनगरला कोण नेणार, त्यात ऊस कारखान्याला जायचे दिवस.

पण माझी झोप उडालीय ती वेगळ्याच गोष्टीने. इकोत इजेक्शन फ्रॅक्शन ४५, म्हणजे हृदयाचा पंप कमी पडतोय. आर-चॉपमधलं डॉक्सोरुबिसिन पूर्ण द्यावं तर हृदय बिघडेल, कमी करावं तर आजार उरेल. त्यातलंच सायक्लोफॉस्फामाइड मूत्राशयालाच झोंबणार. एरवी आपण सांगतो, भरपूर पाणी प्या, सारखी लघवी करा. कार्डिऑलॉजिस्ट म्हणतो, पाणी मोजून द्या. आणि गाठ भिंतीच्या आरपार असेल तर ती वितळताना रक्तस्राव, भोक, काय काय डोळ्यांपुढे येतं. ऑन्कॉलॉजिस्ट समजूतदार आहे, हिपॅटायटिस बी तपासूनच आर-चॉपमधलं रिटुक्सिमॅब सुरू करतोय, डोसचा निर्णयही त्याचाच. पण काकू त्याला नाही, मला विचारतात.

डॉक्सोरुबिसिननंतर दिवसभर लघवी लालसर होईल, ते औषधाचा रंग आहे, घाबरू नका, असं आधीच सांगितलं. त्यावर म्हणाल्या, 'अन् खरं रक्त असलं तर मला कसं कळावं, लेकरा?' गुठळ्या दिसल्या किंवा लाली दुसऱ्या दिवसानंतरही राहिली तर लगेच फोन, एवढं मुलाच्या मोबाइलवर लिहून दिलंय. पुढे लगेच तुझी चौकशी, 'तो वरणात लिंबू पिळून चार वाट्या प्यायचा तो कुठंय?' उधारीच्या वहीत तुझं नाव माझ्या वर असायचं, हे मी मुद्दाम आठवून दिलं.

चिऊचं बारावीचं काय झालं? वहिनींची बदली टळली का? सविस्तर कळव.

तुकड्यांचे मेणातले ब्लॉक आणि स्लाइड्स कुरिअर केल्यात. तू स्वतः बघ, ज्युनियरच्या हाती देऊ नकोस. कुठे माल्ट या सावकाश वाढणाऱ्या लिम्फोमाचा भाग दिसतो का, बीसीएल२ आणि मिक हे आणखी दोन मार्कर लावावेत का, तुझं मत हवं. पहिली सायकल येत्या सोमवारी ठरलीय, त्याआधी फोन कर. रात्री कितीही उशीर झाला तरी चालेल.

तुझा,
बाळ्या