कॅल्व्हिनचं मत सगळ्या ख्रिश्चनांच्या नावावर नको

माननीय संपादक,

सप्रेम सलाम. मागच्या रविवारच्या पुरवणीत कर्म आणि नशीब ह्यावरचा मोठा लेख वाचला, बाकी छानच होता, पण मधेच एका ओळीत लेखक म्हणून गेले की ख्रिस्ती धर्मात सगळं देवाने आधीच ठरवलेलं असतं, माणूस नुसती कळसूत्री बाहुली, आणि लगेच दुसऱ्या विषयाकडे वळले. हे फार तर कॅल्व्हिन ह्या सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट धर्मसुधारकाचं मत, तेही अर्धवट. अहो ज्या प्रश्नावर ख्रिस्ती लोक सोळाशे वर्षं एकमेकांशी भांडतायत तो एका ओळीत निकाली? मी काही थिऑलॉजी शिकलेलो नाही, बँकेत आयुष्य गेलं, पण वडिलांचं घराणं अमेरिकन मराठी मिशनचं, म्हणजे कॅल्व्हिनच्या परंपरेतलं, आणि आईचं मेथडिस्ट, म्हणजे त्याच्या विरुद्ध बाजूचं, त्यामुळे हा वाद घरात जेवताना ऐकतच मोठा झालो.

सुरुवातीपासून सांगतो. ब्रिटनहून रोमला आलेला पेलाजियस नावाचा एक कडक शिस्तीचा माणूस होता. हिप्पोचा (म्हणजे आजच्या अल्जीरियातला) बिशप ऑगस्टीन ह्याची एक प्रार्थना त्याच्या कानावर आली, तू जे करायला सांगतोस ते करायची ताकद पण तूच दे आणि मग काय हवं ते सांग, अशा अर्थाची, आणि हा भडकला. त्याचं म्हणणं असं की ताकदसुद्धा देवानेच द्यायची असेल तर लोक हातावर हात ठेवून बसणार, देवाने आज्ञा दिली म्हणजे ती पाळता येतेच. ऑगस्टीन म्हणाला नाही, माणूस स्वतःच्या जोरावर देवाकडे वळूच शकत नाही, आधी कृपा, म्हणजे देवाने आपणहून दिलेली मदत. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेत पेलाजियसची शिकवण चुकीची ठरली. इथपर्यंत वाचलं की वाटतं लेखकांचंच बरोबर. पण पुढे ५२९ मध्ये फ्रान्समधल्या ऑरेंजला बिशप जमले, त्यांनी आधी कृपा हे मान्य केलं आणि त्याचबरोबर, देवाने काही लोकांना वाईट करण्यासाठीच नेमलंय असं जो म्हणेल त्याचा धिक्कार पण करून ठेवला.

मग हजार वर्षांनी ल्यूथर, पोपविरुद्ध उठून प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणारा. इरॅस्मस ह्या कॅथलिक विद्वानाने १५२४ मध्ये माणसाच्या इच्छेच्या बाजूने पुस्तक लिहिलं, ल्यूथरने १५२५ मध्ये सणसणीत उत्तर दिलं की माणसाची इच्छा ही खोगीर घातलेल्या जनावरासारखी, देव बसला तर देव नेईल तिकडे, सैतान बसला तर सैतान नेईल तिकडे, आणि कुणी बसायचं हे जनावर ठरवत नाही. पण त्याच पुस्तकात त्याने इरॅस्मसला शाबासकी पण दिलीय की बाकीचे लोक पोप आणि पापक्षमेच्या चिठ्ठ्या असल्या फालतू गोष्टींवर वाद घालतात, तू एकट्याने मुद्द्याला हात घातलास.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला पाहिजे, लेखकांची गाडी इथेच घसरली. ल्यूथर काय किंवा कॅल्व्हिन काय, चहा घ्यायचा की कॉफी, नोकरी पुण्यात करायची की नाशकात, ह्यावर भांडत नव्हते. रोजच्या गोष्टी माणूस निवडतो हे त्यांनाही मान्य. प्रश्न असा की देवावर प्रेम करावं, चांगलं हवंसं वाटावं, ही इच्छा माणसाच्या मनात आपली आपण उगवते का? दारू सुटत नाही असा माणूस संध्याकाळी गुत्त्याकडे वळतो तेव्हा कोणी त्याला ओढत नेत नाही, पाय त्याचेच, इच्छा पण त्याचीच, पण त्याला मोकळा म्हणाल का? बायबलमध्ये प्रेषित पौल रोमकरांच्या पत्रात सातव्या अध्यायात अगदी हेच रडगाणं गातो, जे चांगलं करावंसं वाटतं ते माझ्या हातून होत नाही आणि जे नको तेच मी करतो. ह्याला बाहुली म्हणत नाहीत, बाहुलीला कसलं आलंय वाईट वाटणं.

आणि कॅल्व्हिनच्या लोकांतसुद्धा एकमत होतं असं समजू नका. हॉलंडमध्ये लायडनचा प्राध्यापक आर्मिनियस म्हणायला लागला की देवाची कृपा नाकारता येते, तो १६०९ मध्ये वारला, पुढच्या वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच मुद्द्यांचं निवेदन सरकारला दिलं आणि देश पेटला. देवाने कोणाला निवडलंय ह्या वादात स्पेनशी तह ठेवायचा की लढाई करायची, राज्यांची सत्ता मोठी की राजपुत्र मॉरिसची, हे सगळं मिसळलं. नोव्हेंबर १६१८ ते मे १६१९ डॉर्टला परिषद चालली, बाहेरच्या देशांतले प्रतिनिधी पण बोलावले, आणि आर्मिनियसवाल्यांना बोलायला बोलावलं ते आरोपी म्हणून. निकाल अर्थातच विरोधात. १३ मे १६१९ ला हेगमध्ये आर्मिनियसवाल्यांची बाजू घेणाऱ्या ओल्डेनबार्नेव्हेल्ट ह्या म्हाताऱ्या पुढाऱ्याचं मुंडकं उडवलं, वय ७१, देशाची घडी बसवण्यात ज्याचा एवढा मोठा वाटा त्याला ही शिक्षा. त्याच्याच बाजूचा ग्रोशियस, तोच आंतरराष्ट्रीय कायद्यावाला, त्याला जन्मठेप झाली, आणि १६२१ मध्ये बायकोने त्याला पुस्तकांच्या पेटीत घालून किल्ल्यातून बाहेर काढला! सगळं आधीच ठरलंय असं मानणाऱ्यांनी आपल्या हाताने इतकं ठरवून केलं, ह्याचं मला लहानपणापासून हसू पण येतं आणि राग पण.

कॅथलिकांचं वेगळंच. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये सांगितलं की पापामुळे माणसाची इच्छा दुबळी झाली, मेली नाही. तरी पुढे मोलिनाचे जेझुइट आणि बानेझचे डॉमिनिकन हे दोन कॅथलिक संघ ह्याच प्रश्नावरून आपसात जुंपले, पोपसमोर वर्षानुवर्षं सुनावण्या झाल्या, शेवटी १६०७ मध्ये पोप पाचव्या पॉलने सांगितलं की दोघंही आपापलं शिकवा, एकमेकांना पाखंडी म्हणू नका, निर्णय योग्य वेळी देऊ. ती योग्य वेळ अजून आलेली नाहीये.

बायबल काय म्हणतं विचाराल तर दोन्ही. इस्राएली गुलामांना सोडायला तयार नसलेल्या मिसरच्या फारो राजाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, देवाने त्याचं मन कठीण केलं आणि वर शिक्षा पण त्यालाच. बायबलमधलं निर्गमाचं पुस्तक जरा सावकाश वाचा. देवाने मिसरवर पाठवलेल्या पीडांपैकी पहिल्या पाचांपर्यंत फारोने मन कठीण केलं किंवा त्याचं मन कठीण झालं असंच येतं, सहाव्या, गळवांच्या पीडेला पहिल्यांदा परमेश्वराने ते कठीण केलं असं लिहिलंय. माझे वडील लगेच म्हणायचे की अरे पण चौथ्या अध्यायात देवाने हे आधीच सांगून ठेवलंय ना, आणि आई म्हणायची सांगून ठेवणं वेगळं आणि करायला लावणं वेगळं. भाजी गार व्हायची.

पण माझी खरी तक्रार लेखकांपेक्षा आपल्याच लोकांवर आहे, कारण बाहुलीची ही समजूत आपणच पसरवतो. आमच्या नात्यातला एक पोरगा हायवेवर गेला, ट्रक राँग साइडने आला होता. दफनविधीनंतर गेटपाशी मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले, देवाची योजना होती हो. आमची आत्या तिथेच उभी होती, ती म्हणाली, योजना देवाची होती तर ड्रायव्हरवर केस कशाला केली, देवावर करा. कोणाला काही बोलता येईना. आत्याचं बोलणं उद्धट वाटेल पण कडक कॅल्व्हिनवाल्यांचा जो वेस्टमिन्स्टरचा जाहीरनामा आहे १६४६ चा, त्यातही तिसऱ्या अध्यायात, जे जे घडतं ते देवाने ठरवलंय असं म्हटल्याबरोबर पुढे लिहिलंय की तरी पापाचा कर्ता देव नाही आणि माणसाच्या इच्छेवर जबरदस्ती होत नाही. हे दोन्ही एकत्र कसं बसतं ते त्यांचं त्यांना माहीत, पण दोष देवावर ढकलायची सोय त्यांनीसुद्धा ठेवलेली नाही. आपण मात्र पोराचं लग्न मोडलं, धंदा बुडाला, हॉस्पिटलला न्यायला उशीर झाला की देवाची मर्जी म्हणून मोकळे.

मला विचाराल तर मी आईच्या बाजूचा. मेथडिस्ट पंथ ज्याने सुरू केला त्या वेस्लीचं म्हणणं पटतं की कृपा आधीच प्रत्येकाकडे आलेली असते, हो किंवा नाही म्हणण्याइतपत मोकळीक तीच देते. मग एकजण हो का म्हणतो आणि सख्खा भाऊ नाही का, हे वेस्लीलाही सांगता येत नाही हे कबूल. त्याचं आणि त्याचा जुना सहकारी, पण कॅल्व्हिनच्या बाजूचा, व्हाइटफील्डचं ह्याच्यावरून जाहीर वाजलं होतं, तरी १७७० मध्ये व्हाइटफील्ड वारला तेव्हा लंडनमध्ये स्मृतिप्रवचन वेस्लीनेच दिलं. बरोबर दोनशे वर्षांनी, २९ नोव्हेंबर १९७० ला, आपल्या नागपुरात वेगवेगळे पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात कॅल्व्हिनच्या परंपरेतले प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल पण आले आणि वेस्लीचे काही मेथडिस्ट पण, वाद न मिटवता.

तेव्हा लेखकांना एवढीच विनंती की पुढच्या वेळी कॅल्व्हिनचं मत कॅल्व्हिनच्या नावाने छापा, आणि तेही पूर्ण. आणि शक्य झालं तर छापायच्या आधी वसईतल्या एखाद्या फादरांना आणि नगरच्या एखाद्या पाळकांना एकत्र बसवून विचारा, लेखाला अजून एक पान लागेल पण वाचायला मजा येईल.

आपला,
एक जुना वाचक, नगर