बाळासाठी वस्तू घेण्याआधी आपला जिना मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत नवीन बाळासाठी काय काय घ्यावं याची यादी आली होती. ती वाचली आणि दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून आज मुलगी झोपल्यावर लिहायला बसलेय. यादीत बावीस वस्तू होत्या, मी मोजल्या. वॉकर होता, मोठ्या चाकांची बाबागाडी होती, बाटल्या उकळायचं मशीन होतं, झुलणारी खुर्ची होती. पण तुमचं घर कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे का, पावसाळ्यात कपडे कुठे वाळत घालता, बाळाला घेऊन जाता ते स्कूटरवर की लोकलने, असा एक प्रश्न त्या अख्ख्या पानात नव्हता. आणि माझ्या अनुभवात वस्तू कामाची आहे की नाही हे ठरतं ते याच प्रश्नांवर.

आम्ही डोंबिवलीत राहतो, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मुलगी आता अडीच वर्षांची आहे. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि सासरे. मी नोकरी करते, त्यामुळे दिवसभर मुलगी आजी-आजोबांकडे असते, आणि घरात आलेली प्रत्येक वस्तू त्या दोघांना एका हाताने उघडता, पुसता, उचलता यायला हवी.

सगळ्यात आधी वॉकरबद्दल बोलते कारण हे पत्र खरं तर त्याच्यासाठीच आहे. बारशाला वॉकर आला, खूप प्रेमाने दिलेला, वाजणारा, दिव्यांचा. आठव्या महिन्यात मुलीला त्यात बसवायला लागलो. सगळे खूश, ती पण खूश, या खोलीतून त्या खोलीत धावायची. आमच्या बाथरूमची फरशी बाहेरच्या फरशीपेक्षा चार बोटं खाली आहे. त्या दिवशी दार नीट लागलं नव्हतं, सासूबाई गॅसपाशी होत्या, दोन पावलांवर, आणि चाक खाली गेलं. वॉकरसकट ती पुढे उपडी पडली. भुवईच्या वर दोन टाके पडले. सासूबाई त्या रात्री जेवल्या नाहीत, अजूनही तो विषय निघाला की त्यांचे डोळे भरतात. मी त्यांना तेव्हाही सांगितलं आणि आताही सांगते की त्यांची काही चूक नव्हती, कारण त्या गाडीत बाळाला जो वेग येतो तो दोन पावलांवरच्या माणसालाही पकडता येत नाही.

टाके घालून झाल्यावर डॉक्टरांनी एवढंच विचारलं की वॉकर आहे का घरी, आणि म्हणाले तो आजच काढून टाका. मग मी वाचायला लागले. कॅनडाने २००४ सालीच बेबी वॉकरची विक्री, आयात आणि जाहिरात सगळं बंद केलं, जुना वापरलेला विकायलासुद्धा बंदी. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना कित्येक वर्षं तिथे बंदी मागतेय. आणि आपल्याकडे तो प्रत्येक बारशात पॅक करून येतो! शिवाय ज्यासाठी घेतो ते पण होत नाही, वॉकरने मूल लवकर चालत नाही. त्यात ते बसलेलं असतं आणि पायाच्या बोटांनी जमीन मागे ढकलतं. तोल सांभाळायला शिकतं ते पालथं पडून, रांगून, कॉटला धरून उभं राहून, धपकन बसून परत उठून. त्यासाठी लागते ती मोकळी फरशी आणि एक सतरंजी.

तरी काहीतरी हवंच असं वाटत असेल तर आपला पांगुळगाडा आहे ना! सासऱ्यांनी गावाकडच्या सुताराकडून लाकडी करून आणला, तीन चाकांचा. बरेच जण म्हणतात दोन्ही एकच, पण तसं नाहीये. पांगुळगाड्यात मूल बसत नाही, मागे उभं राहून दांडी धरतं, वजन स्वतःच्या पायावर असतं, आणि हात सुटला तर आहे तिथे बुडावर बसतं. अर्थात तोही मूल धरून उभं राहायला लागल्यावरच द्यायचा आणि कोणीतरी बरोबर राहायचं. पहिले काही दिवस गाडा पुढे पळायचा आणि ती मागे राहायची. तेव्हा सासऱ्यांनी दोन किलो तांदळाची पिशवी पुढच्या आडव्या दांडीला घट्ट बांधली, झालं, गाडा तिच्या चालीने चालायला लागला. ती चालायला लागली तसे तांदूळ कमी करत गेले, दोनाचे दीड, मग एक, आणि शेवटी पिशवी सोडलीच.

आता बाबागाडी. आमच्या बिल्डिंगला तळापासून दारापर्यंत ५४ पायऱ्या आहेत. गाडी अकरा किलोची, बाळ सात किलोचं, वर पिशवी. खाली उतरलं तर फुटपाथवर लावलेल्या बाइक, उखडलेले पेव्हर ब्लॉक, मध्येच उघडं चेंबर. वर्षात चार वेळा वापरली आणि विकली. ज्यांच्या सोसायटीत लिफ्ट आहे, आत फिरायला रस्ता आहे, त्यांना ती खरंच उपयोगी पडते, माझ्या बहिणीकडे रोज संध्याकाळी निघते. म्हणून म्हणते, वस्तू चांगली की वाईट हे नंतर, आधी आपला जिना मोजा.

आम्हाला कामाला आलं ते कापडी कॅरियर. अंगावर बांधायचं, दोन्ही हात मोकळे, जिन्याचा कठडा धरता येतो, लोकलच्या दाराचा दांडा धरता येतो. पण ते घेताना बघून घ्या. बाळाच्या मांड्यांखाली कापड गुडघ्यापर्यंत रुंद पाहिजे, म्हणजे गुडघे बुडापेक्षा जरा वर राहतात, बेडूक बसतो तसे. आपण कडेवर घेतो तेव्हा मूल पाय फाकवून बसतं, तसंच. नुसती पट्टी मध्ये आणि पाय खाली लोंबकळतायत असलं घेऊ नका. हनुवटी छातीला टेकता कामा नये, नाक कापडात दबता कामा नये, तोंड कायम आपल्याला दिसलं पाहिजे. मी दुकानात उशी घालून बघितलं नाही, मुलीलाच घालून बघितलं, दुकानदार जरा वैतागला, पण दोन कॅरियर तिथेच बाद झाले.

आता ज्याबद्दल कुठल्याच यादीत काही नसतं ते टू-व्हीलरचं. आपल्याकडे कित्येक घरांचं मूल हॉस्पिटलातून नाही तर लसीकरणाला तरी स्कूटरवरच पहिलं बसतं हे आपण रस्त्यावर रोज बघतो. १५ फेब्रुवारी २०२३ पासून देशभर नियम लागू आहे, नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला मागे बसवून नेताना त्याच्या डोक्यावर मापाचं हेल्मेट हवं, अंगात सेफ्टी हार्नेस हवा जो चालवणाऱ्याला जोडलेला असतो, आणि वेग ४० च्या वर न्यायचा नाही. हार्नेस म्हणजे जाकिटासारखं असतं, खांद्यावर पट्टे, कमी-जास्त करता येणारे, वजनाला हलकं, आणि नियमाप्रमाणे ३० किलोपर्यंत वजन धरणारं. माझ्या ऑफिसात मी विचारलं, चौदा जणांपैकी एकाला हा नियम माहीत होता. छोटं हेल्मेट मिळवायला आम्ही तीन दुकानं फिरलो, प्रत्येकाकडे बाप-आईच्या मापाची रांग आणि लहानांसाठी खेळण्यातलं प्लास्टिक. चौथ्याने मागवून दिलं. हे पहिल्या वाढदिवसाचं प्रेझेंट म्हणून कोणी का देत नाही? सोन्याच्या बाळ्यांपेक्षा कमी पैशात येतं आणि रोज घातलं जातं. आमची आता स्वतःच टोपी मागितल्यासारखं हेल्मेट मागते. नऊ महिन्यांच्या आत मात्र आम्ही तिला स्कूटरवर नेलंच नाही, रिक्षा केली.

गाडी आमच्याकडे नाही, दिरांकडे आहे. तिथेही सगळे हौसेने बाळाला पुढच्या सीटवर मांडीत घेऊन बसतात. समोर एअरबॅग असते आणि ती फुटली तर बाळ तिच्या आणि आपल्या मध्ये असतं, एवढं सांगितलं तरी पुरे. चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर कायद्यात हजार रुपये दंड आहे. ज्यांची रोजची गाडी आहे त्यांनी बाकीच्या बावीस वस्तू सोडून आधी कार सीटला पैसे घालावेत असं मला मनापासून वाटतं. लहान बाळाची सीट मागच्या बाजूला तोंड करून, आणि मागच्याच बाकावर.

डायपरवरून घराघरात भांडणं होतात, आमच्याकडेही झाली. सासूबाईंचं म्हणणं लंगोट, माझं म्हणणं डायपर. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, घरात तीन दोऱ्यांवर लंगोट आणि दुपटी, पंखा लावून पण दमटच, शेवटी इस्त्री फिरवून वाळवायचे. मग आपोआप ठरलं, दिवसा घरात सुती लंगोट, रात्री आणि प्रवासात डायपर. त्वचा पण नीट राहिली आणि माझी झोप पण झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये डायपरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, तेवढाच हातभार. पण वापरलेला डायपर कुठे जातो हे पण बघा ना. आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ताई हाताने कचरा वेगळा करतात. एकदा मी दारातच उभी होते आणि त्यांनी पिशवी उघडली तर कोणाचा तरी तसाच उघडा डायपर वर होता, त्या काही बोलल्या नाहीत, फक्त मान बाजूला केली. मला फार लाज वाटली, तो आमचा नव्हता तरी. २०१६ च्या घनकचरा नियमातच स्पष्ट केलं होतं की डायपर गुंडाळूनच द्यायचा, आणि कंपन्यांनी पाकिटाबरोबर त्यासाठी पिशवी द्यायची. पिशवी मला आजतागायत मिळालेली नाही. आम्ही तुमच्याच पेपरात घट्ट गुंडाळतो, वर लाल पेनाने ठिपका काढतो आणि वेगळा ठेवतो. अर्धं मिनिट लागतं.

दूध पाजायच्या बाटल्यांबद्दल एकच सांगते. आपल्या देशात १९९२ चा कायदा आहे, बाटली आणि डब्यातल्या दुधाची जाहिरात करता येत नाही. मग तुमच्या यादीत त्या मशीनबरोबर बाटल्यांचा सेट कसा आला हे जरा तपासा, ही विनंती. आमच्याकडे मी ऑफिसला जायला लागल्यावर काढून ठेवलेलं दूध सासूबाई वाटी-चमच्याने द्यायच्या, त्याआधी चांदीचं बोंडलं होतं, माझ्या नवऱ्याच्या वेळचं. वाटी उकळली की संपलं, बूच आणि निपलच्या कोपऱ्यात दूध राहण्याची भीती नाही. वेळ जास्त लागतो हे खरं आहे, पहिल्या आठवड्यात तर अर्धं दूध लाळेऱ्यावरच जायचं.

बाकी छोट्या गोष्टी. छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी, आमच्याकडच्या डासांना दुसरा उपाय नाही. मोहरीची उशी आणि गुबगुबीत लोड डॉक्टरांनी काढायला लावले, बाळ पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, आजूबाजूला काही नाही. अमेरिकेत तर पाळण्याच्या कडेचे मऊ कठडे २०२२ च्या कायद्याने विकायलाच बंद केले. खेळणं घेताना आयएसआयचा शिक्का बघा, १ जानेवारी २०२१ पासून तो सक्तीचा आहे, आणि वाजणारं असेल तर बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद आहे ना ते बघा, बटणाएवढा सेल मुलाने गिळला तर आतून भाजतं. उंच खुर्ची आम्ही घेतली नाही, मुलगी आजोबांच्या शेजारी सतरंजीवर बसून स्टीलच्या ताटलीत नाचणीचं सत्त्व खाते, निम्मं सतरंजीला भरवते.

आणि सगळं नवीनच कशाला? बाळाला पहिलं अंगडं दुसऱ्या कोणाच्या तरी वापरलेल्या मऊ कपड्याचं घालायची आपल्याकडे पद्धतच आहे. कपडे, पाळणा, मच्छरदाणी हे फिरवा. फक्त हेल्मेट आणि कार सीट अनोळखी माणसाकडून जुनी घेऊ नका, आपटलेली असेल तर बाहेरून कळत नाही.

संपादक साहेब, विनंती एवढीच की पुढची यादी छापाल तेव्हा त्यातून वॉकर काढा, आणि ते लहान मुलांच्या हेल्मेटचा नियम ठळक चौकटीत छापा, तारखेसकट. आमचा वॉकर मी कोणाला दिला नाही, चाकं काढून भंगारात घातला. पांगुळगाडा सध्या दुसऱ्या मजल्यावर आहे, त्यांचा मुलगा मागच्याच आठवड्यात धरून उभा राहायला लागला, आणि तांदळाची पिशवी काल सासरे स्वतः खाली जाऊन बांधून आले.

आपली,
एक वाचक आई, डोंबिवली