हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी

ती. आई आणि नाना यांना शिरसाष्टांग नमस्कार.

परवा बोलता बोलता मी फोन ठेवला, त्याचा राग धरू नका. बसमध्ये होते, शेजारची बाई कान टवकारून ऐकत होती आणि मला रडू येईल की काय असं वाटलं. म्हणून आज लिहायला बसलेय. फोनवर नाना नुसतं "हं, हं" करतात आणि आई तिसऱ्या वाक्याला "जेवलीस का" वर येते. कागदावर तरी माझं बोलणं पूर्ण होईल.

बाळूनं पाठवलेला हक्कसोडपत्राचा मसुदा वाचला. नेहमीचाच मजकूर आहे: माझं लग्न झालेलं असून मी सासरी सुखाने नांदत आहे, माझ्या लग्नात वडिलांनी योग्य तो खर्च केलेला आहे, सबब माझा अविभक्त हिस्सा मी राजीखुशीने व विनामोबदला सोडून देत आहे. वाचून हसू आलं. बारा वर्षं समाजशास्त्र शिकवतेय. कुटुंब या विषयावर मी पहिले चार तास जे बोलते, ते त्या वकिलानं तीन ओळींत बसवलंय. मुलगी नांदतेय म्हणजे तिचं भागलं आणि लग्नाचा खर्च हाच तिचा वाटा. (खर्च बाळूच्याही लग्नात झाला होता, माझ्यापेक्षा जास्तच. डीजे होता.)

आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे बाळूची झोप उडायला नको. मला जमीन नको आहे. कायद्यानं माझा हक्क आहे हे नानांना ठाऊक आहे. महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून बिनलग्नाच्या मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाच्या बरोबरीनं धरलं, तेव्हा मी अकरा वर्षांची होते. २००५ मध्ये ते देशभर झालं आणि लग्नाची अटही गेली. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मुलीचा हा हक्क जन्मानंच येतो. पण चार एकर दहा गुंठ्यांत घर चालवायचं बाळूला आहे, कांदाचाळीसाठी कर्जही त्यालाच काढायचंय. सही मी करीन. फक्त त्याआधी एक काम व्हायला हवं, आणि ते नानांच्या हातात आहे.

आई, तू फोनवर म्हणालीस, "करून टाक गं सही, माहेर राहू दे." तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. सही केली नाही तर माहेर तुटतं, हे तू धमकी म्हणून नाही बोललीस, काळजीनं बोललीस. तू आत्याचं बघितलंयस. आजोबांनी आत्याची सही घेतली त्या दिवशी तिला साडीचोळी केली, पुरणपोळी केली, ती हसत हसत एसटीत बसून गेली. नऊ वर्षांनी आतोबा गेल्यावर ती परत आली आणि पुढं मरेपर्यंत आपल्या ओसरीवर राहिली. कुणी तिला वाईट बोललं नाही. पण ती दवाखान्याला दहा रुपये मागायची, तेव्हा आधी चुलीपुढचं झाडून घ्यायची. मी लहान होते, मला वाटायचं आत्याला स्वच्छतेची फार आवड आहे.

नाना, आता तुमच्याशी बोलते.

तुमचा शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला अजून देवघराच्या खणात आहे. १९८० च्या कांदा-ऊस आंदोलनात तुम्ही रस्त्यावर बसला होतात, पोलिसांचा मार खाल्ला होतात. त्याची गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की माझ्या नवऱ्यालाही पाठ आहे. भीक नको, हवे घामाचे दाम. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं, तेव्हा तुम्हीच आईला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून पाठवलंत. मी तीन वर्षांची, तिच्या मांडीवर. मला काही आठवत नाही, पण आईला आठवतं. एवढ्या बायका एका जागी बघून तिला भीती वाटली होती म्हणे, आणि परत यावंसंही वाटत नव्हतं.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला. शरद जोशींनी गावोगाव सांगितलं की घरच्या लक्ष्मीचं देणं लागतो ते फेडा, बायकोचं नाव जमिनीवर लावा. तुम्ही ते ऐकून घरी आलात, आजोबांपाशी विषय काढलात. आजोबा म्हणाले, माझे डोळे मिटेपर्यंत नाही. त्यांचे डोळे २००१ साली मिटले. त्यानंतर विषय निघालाच नाही.

मला दुसरीही एक गोष्ट आठवते, ती तुम्ही कधी सांगत नाही. बहुधा विसरलात. पाचवीचं वर्ष, एप्रिल महिना, उन्हाळ कांदा काढणीला आलेला. अक्षर चांगलं म्हणून हजेरीची लाल वही तुम्ही माझ्याकडे दिली होती. खांडणीला बायांची रांग बसलेली. मी रांगेच्या कडेनं चालत एकेकीचं नाव लिहिलं आणि खाली बेरीज केली, अकरा बाया. तुम्ही वही बघितलीत आणि म्हणालात, "दहाच आहेत. आई काय मजूर आहे?" मी आईच्या नावावर रेघ मारली. आई दोन हातांवर बसलेली होती, डाव्या अंगठ्याला चिंधी बांधून. तिनं ऐकलं. मान वर केली नाही, पात कापत राहिली.

दहा जणी सूर्य कलला की उठून गेल्या. आई पहाटे चारला उठून भाकऱ्या थापून आलेली होती आणि परत जाऊन चूल पेटवणार होती. शनिवारी दहा जणींना पैसे मिळाले.

त्यात तुमची लबाडी नव्हती, नाना. तुम्हाला खरंच तसं वाटत होतं. मलाही वाटलं, म्हणून तर रेघ मारली. एमएला असताना ख्रिस्तीन डेल्फी या फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बाईंचं लिखाण वाचलं, तेव्हा ती वही डोळ्यांपुढे आली. या बाईंनी अभ्यासाला सुरुवातच केली ती तिकडच्या शेतकरी घरांतल्या वारसाहक्कापासून. त्यांचं म्हणणं साधं आहे. बाईच्या कामाला पैसे मिळत नाहीत ते काम हलकं असतं म्हणून नाही. तेच काम दुसऱ्याच्या बांधावर केलं की मजुरी मिळते. ते कुणासाठी केलं, कुठल्या नात्यात केलं, त्यावर ठरतं. आमच्या रांगेत तर हे समोरच बसलेलं होतं: तोच विळा, तोच कांदा, अकरावी बाई घरातली.

आता गंमत बघा. पारावर बसून तुम्ही पोरांना हमीभावाचं गणित शिकवता. कृषिमूल्य आयोग खिशातून गेलेल्या खर्चाला ए-२ म्हणतो, घरच्या माणसांच्या राबण्याच्या किमतीला एफएल, आणि या दोन्हींत घरच्या जमिनीचं भाडं, भांडवलावरचं व्याज धरलं की सी-२. सरकार दीडपट देतं ते ए-२ अधिक एफएलवर, सी-२ वर नाही, हे सांगताना तुमचा आवाज चढतो. कांद्याला तर हमीभावच नाही. सगळं खरं. पण त्या एफएलमध्ये कोण आहे, नाना? आई आहे, आणि आता बाळूची बायको मनीषा आहे. सरकारकडून घरच्या घामाचा हिशेब आपण मागतो, आणि घरच्या वहीत त्यावर रेघ मारतो.

सरकारचंही वेगळं नाही म्हणा. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या कोट्यवधी बायका भिकारी आणि कैद्यांच्या गटात बसवल्या होत्या. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यावर बोलावं लागलं. आणि माझ्या वर्गात दरवर्षी एकतरी पोरगं आईच्या व्यवसायापुढं "काही करत नाही" असं लिहितं. ॲन ओकली या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बाईंनी लंडनच्या चाळीस गृहिणींशी बोलून १९७४ मध्ये घरकामाचा हिशेब मांडला, तो आठवड्याला सरासरी ७७ तास निघाला. मी पोरांना सांगते, एक दिवस आईच्या मागे घड्याळ घेऊन हिंडा. गेल्या वर्षी एकानं लिहून आणलं: "सर्व लिहिता आले नाही. मी झोपलो तेव्हा ती जागी होती, उठलो तेव्हाही." त्याला मी पूर्ण गुण दिले.

माझं घर काही वेगळं आहे असं समजू नका. जावई तुमचे भाजी चिरतात, पण "मदत करतो" असं म्हणतात. स्वतःच्याच घरात मदत! आणि आई, तूही मनीषाला बोलतेस. बाळूला तव्यावरची भाकरी, तिला दुरडीतली. तुझ्या सासूनं तेच केलं होतं. रागावू नकोस. पोरींना, सुनांना वळण लावायचं काम घरात बायकांकडंच असतं, हेही मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी लिहून ठेवलंय. त्या आपल्याच मराठी घरातल्या. त्यांचं एक विवेचन मी वर्गात दरवर्षी सांगते. आपल्याकडं पुरुषाला बीज म्हणतात आणि बाईला क्षेत्र. पीक कुणाचं, तर ज्याचं बीज त्याचं. शेताला पिकावर हक्क नसतो, शेत स्वतःच कुणाच्या तरी मालकीचं असतं. हे शिकवताना मला दर वेळी आपला सातबारा दिसतो. तिथंही "क्षेत्र" असाच रकाना आहे, आणि त्यात आई कुठंच नाही.

नाव नसण्यानं काय होतं, तर आई शेतकरी ठरत नाही. पीककर्ज, पीकविमा, पीएम किसानचा हप्ता, सगळं सातबाऱ्यामागं जातं. लासलगावची हिशेबपट्टीही नानांच्या नावानं फाटते. आईला स्वतःच्या खात्यात पहिल्यांदा पैसे दिसले ते लाडक्या बहिणीचे दीड हजार, एकसष्टाव्या वर्षी, आणि तेही बहीण म्हणून. देशभरात शेतीचे खातेदार मोजले तर बायका सुमारे १४ टक्के निघतात, २०१५-१६ च्या कृषिगणनेत. रांगेत बसणाऱ्या किती, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आणि नाना, हे लिहिताना हात अडतो, पण लिहिते. माझी सही झाली आणि सगळं बाळूच्या नावावर गेलं की तुमच्यामागं आई ओसरीवर. बाळू चांगला आहे. आजोबाही चांगलेच होते.

तर काम असं. नवऱ्यानं स्वखुशीनं अर्ज केला तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावावं, असं १९९२ चं शासनाचं परिपत्रक आहे. त्याला लक्ष्मीमुक्तीच म्हणतात. तुमच्या संघटनेचंच नाव आहे ते, लाजायचं कारण नाही. बाळूची नि माझी संमती लागली तर माझी आत्तापासूनच आहे असं समजा. आईचं नाव चढलं, फेरफार मंजूर झाला, की दुसऱ्या दिवशी मी दुय्यम निबंधकाकडं येऊन अंगठाही देते नि सहीही करते. साडी नको. पुरणपोळी चालेल, पण मनीषाला एकटीला पुरण वाटायला लावू नका.

शनिवारी दुपारच्या गाडीनं येतेय. अर्ज लिहून आणते. आधारच्या दोन झेरॉक्स, आठ अचा उतारा आणि आईचे दोन फोटो काढून ठेवा. एक अडचण मात्र आहे. आधारवर आई "सुलोचना" आहे, जे नाव लग्नात तांदळात लिहून ठेवलंत. तिच्या शाळेच्या दाखल्यावर "इंदू" आहे. तहसीलवाले आधारचंच धरतील बहुतेक, पण मी दोन्ही लावता येतात का ते विचारून बघते. त्याआधी नाना, तिला कुठलं हवंय ते तुम्ही विचारून ठेवा. चव्वेचाळीस वर्षांत कुणी विचारलं नसेल, म्हणून लगेच सांगणार नाही. थोडं थांबा.

तुमची,
ताई